पावणेदहाची कचेरी आणि सकाळची न्याहारी

२९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा दोन सुट्यांच्या आनंदात एका गोष्टीकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. त्या सुटीच्या मोबदल्यात कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी ठरली. मुंबईच्या माणसाला पावणेदहा ही काही फार लवकरची वेळ वाटणार नाही. परंतु लातूरला बिऱ्हाड ठेवून निलंग्याच्या तहसील कचेरीत जाणारा लिपिक किंवा नांदेडला राहून देगलूरच्या पंचायत समितीत काम करणारी कर्मचारी स्त्री यांचा दिवस पावणेदहाला सुरू होत नाही. तो साडेसातच्या एसटीला सुरू होतो. मराठवाड्यात या रोजच्या ये-जा करण्याला 'अपडाऊन' असे नाव पडले आहे. शिक्षकवर्गाची गोष्ट निराळी नाही. शिक्षकांनी शाळेच्या गावीच राहावे की नाही हा वाद जुना आहे आणि तो येथे उकरून काढण्याचे कारण नाही. स्वतःच्या मुलांच्या शिक्षणासाठी जिल्ह्याच्या गावी घर आणि दहा-पंधरा कोसांवर नोकरी, अशी हजारो कुटुंबांची विभागणी झालेली आहे, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे. त्यात सकाळची शाळा असली की घड्याळ आणखी दोन तास मागे सरकते.

अशा घरात साडेपाचला गॅस पेटतो. पोळ्या लाटल्या जातात, भाजीला फोडणी पडते, दोन-तीन डबे भरले जातात. आणि ज्यांचे डबे भरले ती माणसे घराबाहेर पडतात ती चहात बुडवलेल्या दोन बिस्किटांवर. डबा उघडावयाचा तो दुपारी एक-दीडला. मधल्या सहा तासांत स्टँडवरचा सामोसा, कचेरीच्या दाराशी मिळणारे भजे आणि अकरा वाजता पुन्हा चहा. 'नाश्ता' या फारसी शब्दाचा मूळ अर्थ सकाळपासून काही न खाल्लेला, म्हणजे उपाशी, असा आहे. त्या मूळ अर्थाने पाहिले तर आपल्याकडची बरीचशी नोकरदार मंडळी रोज नियमाने नाश्ता करतात असे म्हणावयास हरकत नाही.

यावर उपाय म्हणून वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून 'झटपट आणि पौष्टिक' पदार्थांचा वर्षाव चाललेला असतो. दहा मिनिटांत ओट्स, पंधरा मिनिटांत भाज्यांचे सँडविच, वीस मिनिटांत आणखी काही. या कृती वाईट नसतात. पण त्या लिहिणाऱ्याने शीतकपाट, मिक्सर, चिरून ठेवलेली भाजी आणि सकाळी सहा वाजता रिकामे असलेले दोन हात गृहीत धरलेले असतात. मराठवाड्यातल्या नोकरदार घरात नेमके हे शेवटचे दोन हातच रिकामे नसतात. तेव्हा पाककृतींचा तुटवडा हे या दुखण्याचे कारण दिसत नाही. आणि ज्या भागात न्याहारीची एक पूर्ण, चांगली आणि खरोखरच झटपट व्यवस्था पिढ्यान्पिढ्या चालू होती, त्या भागावर ही वेळ का आली याचा शोध घेतल्यावाचून उपायही सापडणार नाही.

जुन्या मराठवाड्यात सकाळच्या खाण्याच्या दोन रीती होत्या. शेतकरी घरात न्याहारी होती. माणूस पहाटे उठून गोठा आवरी, शेतावर जाई आणि आठ-नऊच्या सुमारास रात्रीची भाकरी, ताक, कांदा आणि ठेचा अशी शिदोरी त्याच्यापुढे येई. गावातल्या पांढरपेशा घरात न्याहारी फारशी नव्हतीच. तिथे सकाळी चहा आणि साडेनऊला वरण-भात-पोळीचे पूर्ण जेवण उरकून माणूस पायी कचेरीत किंवा शाळेत जाई. कचेरी गावातच असे. दोन्ही रीती आपापल्या कामाच्या घड्याळाला धरून होत्या. अपडाऊनने दोन्ही मोडल्या. साडेनऊचे जेवण डब्यात गेले व दुपारवर ढकलले गेले. आणि त्याच्या जागी न्याहारी यावयास हवी होती ती आली नाही, कारण ती शेतकऱ्याची, गरिबाची, शिळ्यापाक्याची म्हणून शहरात राहावयास आलेल्या घराने ती वेशीबाहेरच सोडून दिली होती.

या शिळ्या भाकरीबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ तेवढाच चोथा असतो. भाकरी तेलावाचून, केवळ पाण्यावर व आगीवर होते. ती नीट भाजली, तिचा पापुद्रा सुटला आणि ती कापडात गुंडाळून टोपल्यात ठेवली म्हणजे रात्रभर उत्तम राहते. शिजलेले पिष्ट थंड झाले की त्याचा काही भाग सावकाश पचणारा बनतो, हे आहारशास्त्राने दाखवून दिले आहे. शिळी भाकरी खाल्लेल्या माणसाला दुपारपर्यंत भूक का लागत नाही, याचे एक कारण त्यात आहे. ज्वारी काही सर्वगुणसंपन्न नाही. लायसिन नावाचे शरीराला आवश्यक असे अॅमिनो आम्ल तिच्यात कमी असते. ते भरून काढावयास दूध, ताक किंवा डाळ लागते; आणि भाकरी ताकात कुस्करून खाण्याची चाल नेमकी हीच उणीव भरून काढते. वर जवसाची, कारळाची नाही तर शेंगदाण्याची चटणी असावयाची. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. ही चटणी एकदा कुटली की पंधरा दिवस जाते. म्हणजे सकाळी करावयाचे काम उरले ते एवढेच, की टोपल्यातली भाकरी काढावयाची, ताक घ्यावयाचे आणि चटणीच्या बरणीचे झाकण उघडावयाचे. यापेक्षा झटपट असे दुसरे काय असू शकते?

शिळे म्हणून नाक मुरडणाऱ्या घरात तीन दिवसांपूर्वी भाजलेला पाव आणि सहा महिन्यांपूर्वी कारखान्यातून निघालेले बिस्किट मोठ्या सन्मानाने खाल्ले जाते. त्याला कोणी शिळे म्हणत नाही; ते वेष्टनात असते एवढाच फरक. मात्र एक सावधगिरी सांगणे जरूर आहे. शिळे चालते म्हणजे सर्वच शिळे चालते असे नव्हे. भाकरी कोरडी असते म्हणून टिकते. भात ओला असतो. मे महिन्यात लातूर-नांदेडचा पारा चाळिशीच्या वर असताना रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी फोडणी देऊन खाल्ला तरी तो बाधू शकतो, कारण त्यात वाढणाऱ्या जंतूंचे विष पुन्हा तापवल्याने नाहीसे होत नाही. ज्या घरी शीतकपाट नाही तेथे फोडणीचा भात उन्हाळ्यात टाळलेलाच बरा.

भाकरीखालोखाल स्थान आंबिलीचे. मार्गशीर्षातील अमावास्येला, जिला लातूरकडे येळवस म्हणतात, सारे शहर रिकामे होऊन शेताकडे धावते. दुकाने बंद, रस्ते ओस. ज्याला स्वतःचे शेत नाही त्याला कोणी तरी आपल्या शेतावर बोलावून नेते. कडब्याच्या खोपीत पूजा होते आणि मग भज्जी, उंडे आणि मडक्यातली थंडगार आंबील. ज्वारीचे पीठ ताकात भिजवून आंबवावयाचे, शिजवावयाचे, निवल्यावर त्यात पुन्हा ताक, लसूण, मिरची, मीठ, कोथिंबीर घालावयाची, अशी तिची साधी घडण. आंबवण्याने धान्यातील लोह शरीराला अधिक सुलभ होते, हे आज प्रयोगशाळा सांगते. पण वर्षातून एक दिवस वाटीमागून वाटी आंबील पिऊन तिची वाखाणणी करणारे लातूरकर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा-टोस्टवर परततात. सणाचा पदार्थ म्हणून आंबील जगली आणि रोजच्या न्याहारीतून ती उठली. वास्तविक रात्री नऊ वाजता चार चमचे पीठ ताकात कालवून ठेवले तर सकाळी उकळत्या पाण्यात ते ओतून, गुठळी होऊ न देता ढवळत शिजवावयास दहा मिनिटे पुरतात. हीच गोष्ट ज्वारीच्या कण्यांची. रात्री भिजत घातलेल्या कण्या सकाळी कुकरमध्ये पोळ्यांच्या बरोबरीने शिजतात. त्यांच्याकडे पाहावेही लागत नाही.

मग ही व्यवस्था मोडली कशी? केवळ लोकांची आवड बदलली असे म्हणून भागणार नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याच्या घराघरांत अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी शिजली आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. त्या पिढीच्या मनात भरड धान्य आणि लाचारी यांची जी सांगड बसली ती पुढे कित्येक वर्षे सुटली नाही. घरात गव्हाची पोळी रोज होणे हे बरे दिवस आल्याचे चिन्ह ठरले. त्यानंतर शिधावाटपाच्या दुकानाने उरलेले काम केले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असे तीन दर लिहिलेले होते, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. पण दुकानातून पिशवीत पडले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. शेतातही तेच. खरिपाची ज्वारी जिथे डोलत असे तिथे आता लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत सोयाबीन आहे. शेतकऱ्याला त्यात दोष देता येणार नाही. सोयाबीनला बाजार आहे, शंभर दिवसांत ते हाती येते. ज्वारीची कापणी-खुडणी करावयास मजूर मिळत नाही आणि कणसावर पाखरे तुटून पडतात. परिणाम असा झाला आहे, की चांगली शाळू ज्वारी अलीकडच्या वर्षांत अनेकदा गव्हापेक्षा महाग पडते. जी गरिबाची म्हणून टाकली ती आता गरिबाला परवडत नाही.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, केंद्र शासनाने या धान्यांना 'श्री अन्न' असे नाव दिले, प्रदर्शने भरली, ज्वारीच्या केकचे आणि बिस्किटांचे कौतुक झाले. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये लोह आणि जस्त यांचे प्रमाण अधिक असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला, हे त्या सगळ्या समारंभापेक्षा मोलाचे काम होय. तो वाण शेतकऱ्याच्या पेरणीत आणि शिधावाटपाच्या दुकानात आला पाहिजे; केकची घाई नाही.

तरीही ज्वारी मिळत नाही म्हणून न्याहारीच करू नये असे कोणी म्हणणार नाही. मराठवाड्याने शहरी घरासाठीही काही पदार्थ घडवले आहेत आणि त्यांत पहिला मान सुशीलाचा. या पदार्थाला इतके सालस नाव कोणी व का दिले हा संशोधनाचा विषय आहे. पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्याला "सकाळी सुशीला आहे" असे सांगितले की तो क्षणभर गोंधळतो हे मात्र खरे. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून घ्यावयाचे, कांदा, मिरची, कढीपत्ता, शेंगदाणे यांची हळद घातलेली फोडणी करावयाची, त्यात मुरमुरे परतून वर फुटाण्याच्या डाळीची पूड, लिंबू आणि कोथिंबीर. पोहे भिजत ठेवावे लागतात, रवा भाजावा लागतो. सुशीलाला यांतले काही लागत नाही. आठ-दहा मिनिटांत ताटली पुढे येते. उणीव एवढीच, की मुरमुरे हे शेवटी फुगवलेले तांदूळ. चाळीस-पन्नास ग्रॅम मुरमुऱ्यांतून तीन-चार ग्रॅमच प्रथिने मिळतात आणि पोट लवकर रिकामे होते. म्हणून ज्या घरात काटकसर म्हणून शेंगदाणे आणि डाळीची पूड गाळली जाते, तेथे सुशीलाचा केवळ देह उरतो. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम, शेंगदाण्यांनी सात ग्रॅमांच्या आसपास प्रथिनांची भर पडते. लिंबाने धान्यातील लोह शरीरात शोषले जाण्यास मदत होते. लिंबू ही शोभेची वस्तू नव्हे.

एसटीत बसून खावयाचे असेल तर धपाट्यांना तोड नाही. ज्वारीचे, थोडे गव्हाचे व बेसनाचे पीठ, तीळ, लसूण-मिरचीचे वाटण, हाताशी असेल ती मेथी किंवा कांद्याची पात, आणि भिजवावयास दही. रात्रीच्या स्वयंपाकाच्या शेवटी, तवा तापलेलाच असताना, चार धपाटे अधिक थापले तर सकाळचे काम राहिलेच नाही. नांदेडच्या रस्त्यांवर तेलंगणाच्या सान्निध्याने इडली-डोशाच्या गाड्या सकाळी सातपासून लागतात, त्यांनाही नावे ठेवण्याचे कारण नाही. आंबवलेले तांदूळ आणि उडीद वाफेवर शिजलेले आहेत. शेजारच्या कढईतील वड्यापेक्षा इडलीची बशी कधीही बरी. भर टाकावयाची असेल तर ती सांबाराची. तूरडाळीच्या गिरण्यांनी ज्याचे नाव देशभर पोचवले त्या लातुरात सांबारातली डाळ शोधावी लागावी, हे जरा विचित्रच.

येथून प्रश्न लातूरच्या विद्यार्थ्यांकडे वळतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. 'लातूर पॅटर्न' ही गोष्ट राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या गुणवत्ता याद्यांपासून सुरू झाली आणि आज वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून मुले-मुली लातुरात येऊन राहतात. नांदेडनेही तोच मार्ग धरला आहे. सोळा-सतरा वर्षांची ही मुले खोलीत किंवा वसतिगृहात असतात, दोन वेळचा डबा खाणावळीतून येतो आणि सकाळच्या शिकवण्या सूर्योदयाच्या सुमारास सुरू होतात. खाणावळीच्या ठरावीक रकमेत बहुधा दोन जेवणे असतात. न्याहारी म्हणजे वरखर्च. आणि घरच्या पैशांचा हिशेब मनात ठेवणारी मुले वरखर्चात पहिली कात्री न्याहारीलाच लावतात. टपरीवरचा चहा आणि बिस्किटाचा पुडा यांवर ही मुले दुपारी बारापर्यंत भौतिकशास्त्राशी झुंजतात. पालक शिकवणीचे शुल्क लाखांत भरतात, नोट्स कोणाच्या चांगल्या याची चार ठिकाणी चौकशी करतात. मूल सकाळी काय खाणार हा प्रश्न त्या चौकशीत येत नाही.

मुलींच्या बाबतीत हे अधिक महागात पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक! चक्कर येणे, वाचताना लक्ष न लागणे, जिना चढताना धाप लागणे या तक्रारी अभ्यासाच्या ताणावर ढकलल्या जातात आणि कित्येकदा त्यांचे मूळ रक्तात असते. चहातील टॅनिन अन्नातील लोह शोषले जाऊ देत नाही, म्हणून खाणे आणि चहा यांत तासाभराचे अंतर असावे. रिकाम्या पोटी चहा आणि चहाबरोबरच खाणे ही आपली रीत दोन्हीकडून नडते. रक्तक्षय एकट्या न्याहारीने जाईल असे समजणे भाबडेपणाचे होईल. त्यासाठी तपासणी आणि डॉक्टरने दिलेल्या लोहाच्या गोळ्या लागतात. पण सकाळचे खाणे बुडवणाऱ्या मुलीला दिवसभरात ती तूट भरून काढावयास दोनच ताटे उरतात, आणि खाणावळीच्या ताटात पालेभाजी किती वेळा पडते हे त्या मुलींनाच विचारावे.

चूल नसलेल्या खोलीतही पुष्कळ करता येते. रात्री भिजत घातलेले शेंगदाणे आणि हरभरे, मोड आलेली मटकी, फुटाणे आणि गूळ, ज्वारीच्या लाह्या दह्यात कालवून. यांतल्या कशालाही विस्तव लागत नाही. नांदेडजवळच्या अर्धापूरची केळी दोन्ही शहरांच्या हातगाड्यांवर असतात. जी मुले अंडी खातात त्यांच्यासाठी दोन उकडलेली अंडी म्हणजे बारा ग्रॅम प्रथिने. गावाकडून दर पंधरा दिवसांनी येणाऱ्या पिशवीत आई चिवडा आणि शंकरपाळे पाठवते. त्या जागी शेंगदाण्याची चटणी, सातूचे पीठ आणि तिळगुळाचे लाडू आले तर तेवढ्याच प्रेमात पोषण अधिक जाईल.

आता त्या पहाटे साडेपाचच्या दोन हातांकडे परत आले पाहिजे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे घालवतात असे दिसून आले. आणि पुष्कळ पुरुष तर घरकाम करणाऱ्यांच्या गणतीतच येत नाहीत. नोकरी करणारी शिक्षिका नवऱ्याच्याच एसटीने निघते, पण त्याच्या दीड तास आधी उठते. अशा घरात 'दहा मिनिटांत होणारा पौष्टिक पदार्थ' हे शब्द फसवे आहेत. ती दहा मिनिटे कोणाची, हे ते सांगत नाहीत. जुन्या न्याहारीचीही स्तुती करताना हे विसरता येत नाही, की त्या भाकरीचे पीठ पहाटे जात्यावर कोणी तरी दळत होते आणि ती शिदोरी डोक्यावर घेऊन कोणी तरी शेताची वाट चालत होते. जुने सगळेच परत आणावे असे म्हणणाऱ्याने आधी ते जाते ओढून पाहावे.

त्या व्यवस्थेतून घ्यावयाजोगी गोष्ट एक आहे. तिचे काम रात्री होत असे, सकाळी नव्हे. आणि रात्रीचे काम वाटून घेता येते. कण्या भिजत घालणे, दही विरजणे, शेंगदाणे भाजून कूट करणे, मटकीला मोड आणणे, आंबिलीचे पीठ कालवणे, यांत असे काय आहे जे कारकुनाच्या किंवा मास्तरांच्या हातून होणार नाही? रविवारी अर्धा तास बसून जवसाची चटणी कुटणारा गृहस्थ दिसला तर शेजारी चार दिवस हसतील. पाचव्या दिवशी चटणी मागावयास येतील.

हजारोंना सकाळी खाऊ घालणे अशक्य आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी नांदेडला गुरुद्वाऱ्याचा लंगर पाहावा. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला त्या हुजूर साहिबच्या परिसरात रोज हजारो माणसे पंक्तीला बसतात, आणि ते साधते कारण तेथे पीठ मळण्यापासून भांडी घासण्यापर्यंतचे काम अनेक हातांत वाटलेले असते आणि त्यांत पुरुषांचे हात भरपूर असतात. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांतून सकाळच्या न्याहारीची योजना सुरू केली व पुढच्या वर्षी ती राज्यभर नेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही दुपारच्या जेवणाच्या जोडीला सकाळची न्याहारी असावी असे म्हटले आहे. महाराष्ट्राने २०२४ च्या आरंभी चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. झोपेची काळजी घेतली हे चांगलेच झाले. पण मजुरीला जाणाऱ्या आईचे मूल नऊ वाजताही उपाशीच शाळेत येते आणि दुपारच्या खिचडीपर्यंत फळ्याकडे पाहत बसते, हे वर्गावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. ज्या जिल्ह्यांत बचत गटांच्या स्त्रिया पापड-लोणच्यांच्या पलीकडे काही करू इच्छितात, तेथे शाळेतील आंबील किंवा कण्या त्यांच्याकडे सोपवावयास आणि त्यासाठी तालुक्यातलीच ज्वारी विकत घ्यावयास मोठी यंत्रणा लागणार नाही. जिल्हाधिकारी कचेऱ्यांच्या उपाहारगृहांतही भज्यांच्या कढईशेजारी भाकरीचे एक टोपले मावेल.

हे शासनाकडून होईल तेव्हा होईल. लातूरच्या खाणावळींशी नवे करार दर वर्षी जून-जुलैत होतात. आगाऊ रक्कम मोजण्याआधी सकाळचे काय, ते किती वाजता मिळणार आणि शिकवणी सहाला असेल तर डब्यात बांधून मिळेल का, हे तीन प्रश्न पालकांनी विचारावयास हवेत. दहा पालकांनी विचारले तर खाणावळवाली बाई विचारात पडेल. गल्लीतल्या शंभर पालकांनी विचारले तर रात्रीच्या भाकरी थापताना ती दोन टोपली जास्त थापील.